नर्सिंग सोडायचं की हॉस्पिटल?

ताई, नमस्कार.

मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला. बी.एस्सी. नर्सिंग करून पुण्यात आलो, त्याला सहा वर्षं झाली. दोनशेहून जास्त खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे. वय २९. हातात २७ हजार येतात, नाइट अलाउन्स धरून. धनकवडीत आम्ही तिघं मिळून राहतो, घरी दरमहा आठ हजार पाठवतो.

आमच्या युनिटला शिफ्टला एखादाच ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, असतो. जड पेशंट वळवायचा, बोलवा ब्रदरला. दारू उतरताना हातपाय झाडणारा पेशंट आला, बोलवा ब्रदरला. बिलावरून नातेवाईक चढले की ‘ब्रदर, तुम्ही जरा पुढे व्हा’. माझे दोन पेशंट मला असतातच, हे सगळं वरचं. सिस्टर लोकांना यातलं काही करावं लागत नाही. आणि बाईपेशंटजवळ गेलो की ‘लेडीज सिस्टर पाठवा’.

घरी वेगळंच. दोन स्थळं ‘मुलगा नर्स आहे’ म्हणून परत गेली. वडील आता लोकांना सांगतात, मुलगा हॉस्पिटलात ऑफिसर आहे. कॉलेजला आम्ही नऊ मुलं होतो, त्यातले आज पेशंटजवळ तिघंच उरलो. एक एमआर झाला, एक मेडिकल कोडिंगला गेला, एकानं पोलीस भरती मारली, एकानं गावी दूध डेअरी टाकली, बाकीच्यांचं असंच काहीतरी.

मला खराडीतल्या आरोग्य विम्याचे क्लेम तपासणाऱ्या एका कंपनीची ऑफर आली आहे. ३१ हजार, दिवसपाळी, शनिवार-रविवार सुट्टी. पंधरा दिवसांत कळवायचंय. काम मला आवडतं, हे खोटं नाही. परवा अठरा दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या एका आजोबांची नळी काढली, तर पहिला शब्द काय काढला? ‘चहा’. त्या दिवशी घरी जाताना वाटलं, हे सोडून कसं जमेल? सांगा, घेऊ का नोकरी?

— एक ब्रदर, धनकवडी

ब्रदर, नमस्कार. वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढा आहेस, तेव्हा अरे-तुरेच करते.

उत्तर आधी सांगून टाकते, कारण तुझ्याकडे पंधराच दिवस आहेत. खराडीची नोकरी आत्ता घेऊ नकोस. आणि आहेस त्या युनिटमध्येही, काही बदललं नाही तर, वर्षभरापेक्षा जास्त राहू नकोस. ‘चांगल्या नर्सनं पेशंट सोडून जाऊ नये’ असला उपदेश मी करणार नाही. तो आम्हा नर्सांना ट्रेनिंगला असल्यापासून ऐकवला गेला आणि आमच्या पगारवाढीच्या वेळी नेमका हमखास आठवला गेला. जायचं तर खुशाल जा. पण तुझ्या पत्रात तीन वेगळी दुखणी एकात एक गुंतली आहेत: अंगावर पडणारं जादा काम, पगार आणि लग्न. खराडीनं त्यातलं पहिलं तेवढं सुटतं, तेही ज्या कामाला तू ‘आवडतं’ म्हणतोस ते सगळंच्या सगळं टाकून.

पगाराचा हिशेब सोपा आहे, तो आधी उरकू. ३१ हजार हा आकडा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, आहे की हातात येणारा? तू विचारलं नसशील, असा माझा अंदाज आहे. सीटीसी असेल तर कागद-पेन घेऊन बस. बेसिक १५ हजार धर. तुझा पीएफ १,८०० कापला जाईल. कंपनी तिच्या बाजूनं भरते ते १,८०० पण बहुतेक ठिकाणी या ३१ हजारांतच धरलेले असतात. ग्रॅच्युइटीपोटी सातशेच्या आसपास, व्यवसाय कर २००. हातात उरले साडेसव्वीस हजार, म्हणजे आजच्यापेक्षा पाचशे कमीच. वर धनकवडीहून खराडी. सकाळी मुंढव्याच्या चौकात एकदा अडकून बघ, म्हणजे दिवसपाळीचं कौतुक निम्मं उतरेल. खोली खराडीकडे हलवलीस तर तिकडची भाडी आयटीवाल्यांच्या खिशाकडे बघून ठरतात, तुझ्या नाही.

ते काम हलकं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. डिस्चार्ज समरी वाचून कुठली तपासणी गरजेची होती, कुठला आयसीयूचा दिवस उगाच लावला, हे ज्यानं चार्ट भरलेत त्यालाच कळतं. माझ्या ओळखीच्या दोन सिस्टर चाळिशीत पाठीचं दुखणं घेऊन या कामाला गेल्या, सुखात आहेत. म्हणूनच सांगते, हे दार चाळिशीतही उघडं असतं. या कंपन्या नर्स घेतच असतात. तुझी दुसरी काही दारं मात्र वयाबरोबर बंद होतात, त्यांच्याकडे मी येतेच.

त्याआधी तुझ्या युनिटबद्दल. मी वॉर्डात काम केलं, मग इन्चार्ज म्हणून, मग शिकवायला. नोकरी सोडणाऱ्या मुलाच्या राजीनाम्यावर कारण एकच असतं, ‘घरगुती अडचण’. एचआरचा त्यावर विश्वास बसतो, कारण तो बसवून घेणं सोयीचं असतं. तोच मुलगा कँटीनला चहा पिताना सांगतो ते ऐकलं की कळतं, पेशंटचा कंटाळा येऊन गेलेला क्वचित एखादा. बाकीचे दोन माणसांचं काम एका पगारात करून थकलेले असतात, आणि ते दुसऱ्या माणसाचं काम कुठंही लिहिलेलं नसतं, हे त्यांचं खरं दुखणं असतं.

ड्युटीच्या फळ्यावर काय असतं? बेड नंबर ४ आणि ५, ब्रदर अमुक. संपलं. पण रात्री दहापासून पहाटेपर्यंत बेड ७ च्या शंभर किलोच्या बाईंना दर दोन तासांनी पोझिशन द्यायला तूच गेलास, बेड २ चा पेशंट नाकातून पोटात घातलेली रायल्स ट्यूब उपटतोय म्हणून त्याचे हात धरायला तूच, सीटी स्कॅनला व्हेंटिलेटरवरचा पेशंट न्यायचाय तर ट्रॉलीच्या डोक्याशी तूच. दरम्यान तुझ्या बेड ४ चं सहाचं अँटिबायोटिक पावणेसातला गेलं. सकाळी ओव्हर, म्हणजे रात्रपाळीचा चार्ज, घेताना इन्चार्ज विचारते कशाबद्दल? त्या पाऊण तासाबद्दल. सात नंबरच्या बाईंच्या पाठीला बेडसोअर का झालं नाही, हे कुणीच विचारत नाही.

तेव्हा हे लिहून काढायला लाग. एक महिना, रोजच्या रोज, वहीत: किती वाजता, कुठल्या बेडला, कशासाठी, किती मिनिटं. तक्रारीच्या सुरात नको, नुसत्या नोंदी. महिन्यानं वही घेऊन इन्चार्जकडे आणि मग नर्सिंग सुपरिंटेंडंटकडे जा, आणि एकच मागणी कर: ज्या शिफ्टला हे उचला-धरायचं काम माझ्याकडे असेल, त्या शिफ्टला मला एकच पेशंट द्या, किंवा वॉर्डच्या मामांपैकी एकाला ट्रेनिंग देऊन युनिटला कायमचा द्या. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक नर्स हा निकष काही तू घरून काढलेला नाहीस. हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या एनएबीएचचं इन्स्पेक्शन असलं की हॉस्पिटल स्वतःच तो दाखवतं, आणि त्या आठवड्यात कुठून कुठून स्टाफ उगवतो ते तू पाहिलंच असशील. पेशंट सरकवायची स्लाइड शीट मागून घे, फार महाग वस्तू नाही. ते सगळं ऐकून घेऊन ‘बघू’ म्हणाले, आणि दोन महिन्यांनीही बघतच राहिले, तर हॉस्पिटल बदलायचं. कमरेची गादी सरकल्यावर तुला रिसेप्शनला बसवायचं औदार्य कुणी दाखवत नाही.

नातेवाइकांपुढे ढकलण्याचं तर मुळीच सहन करू नकोस. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यात नर्सही येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कायदा कागदावरच राहतो असं तू म्हणशील, आणि पुष्कळदा ते खरं आहे. पण बिलाचं भांडण बिलिंग आणि सिक्युरिटीनं निस्तरायचं असतं. तू तिथं गेलास तर तुझे दोन पेशंट त्या वेळात बेवारस. हेच वाक्य इन्चार्जला सांग, ‘मी गेलो तर चार आणि पाच कोण बघणार?’ याला उत्तर नसतं.

आता जिथं तुझं पटलं नाही ते. सिस्टर लोकांना हे करावं लागत नाही, असं लिहितोस. उचलाउचल कमी करतात, खरंय. पण स्त्रीरोग आणि प्रसूतीच्या वॉर्डांतल्या सगळ्या रात्री त्यांच्या वाट्याला असतात, कारण तुम्हाला तिथं लावत नाहीत. नाइट करून सकाळी नऊला घरी गेलेली सिस्टर डबे भरते, सासूची औषधं बघते आणि चार तास झोपून पुन्हा येते. तू खोलीवर जाऊन आडवा होतोस. आणखी एक, जे ब्रदर लोक पत्रात लिहीत नाहीत: बायकांच्या पेशात शिरलेले पुरुष वरच्या खुर्चीवर लवकर पोचतात. क्रिस्टिन विल्यम्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ सालीच हे मांडलं होतं. इथंही मी पाहिलंय. ‘त्याला पोरंबाळं सांभाळायची नाहीत, रात्री-अपरात्री येऊ शकतो’ म्हणून क्वालिटीचं, ओटीचं म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, कॅथलॅबचं इन्चार्जपद मुलाकडे जातं. त्याच अमेरिकेत २००२ साली छापून आलेल्या एका पाहणीत दिसलं की नोकरीला लागून चार वर्षं व्हायच्या आत नर्सिंग सोडणाऱ्या पुरुषांचं प्रमाण बायकांच्या जवळजवळ दुप्पट आहे. लवकर वर जाणारेही तुम्ही आणि लवकर बाहेर पडणारेही तुम्हीच. मला विचारशील तर दोन्हीचं कारण एक आहे. पेशंटच्या उशाशी पुरुष कायमचा राहील, असं कुणालाच वाटत नाही. हॉस्पिटलला नाही, घरच्यांना नाही, आणि हळूहळू त्याला स्वतःलाही नाही.

याची सुरुवात शिकतानाच होते. मुलांच्या बॅचला लेबर रूमची पोस्टिंग लागली की मला आधीच ठाऊक असायचं काय होणार. मुली आत. मुलं बाहेर कॉरिडॉरमध्ये, हातात केस बुक घेऊन, भिंतीला टेकून. आतली सिस्टर म्हणायची, नातेवाईक गोंधळ घालतील, नको. मग मुलीच्या वहीतून केस उतरवून घ्यायची, सही मिळवायची, झालं. ज्या खोलीत पुरुष डॉक्टर बिनदिक्कत ये-जा करतो, त्या खोलीत पुरुष विद्यार्थी-नर्सला जागा नाही. विसाव्या वर्षी कॉरिडॉरमध्ये उभं राहिलेलं ते पोर तेव्हाच मनात नोंद करतं की आपलं इथलं बस्तान तात्पुरतं आहे.

‘लेडीज सिस्टर पाठवा’ याचा राग मात्र धरू नकोस. बाईमाणसाला आजारपणात आपलं अंग कुणी बघावं हे ठरवायचा हक्क आहे, आणि तिनं नाही म्हटलं की विषय संपला. फोली म्हणजे लघवीची नळी घालणं, बॅक केअर, स्पंज, जे काही असेल ते, आधी तिला सांगायचं, पडदा ओढायचा, सोबत सिस्टर किंवा मावशी उभी हवी आणि चार्टमध्ये तिचं नाव लिहायचं. हे तुझ्याही रक्षणासाठी आहे. खोटा आरोप झालेला एक मुलगा मी पाहिलाय. चार्टमधल्या तेवढ्या एका ओळीवर तो सुटला. बायका पुरुष पेशंटचं हे सगळं आजवर करत आल्या आणि त्याची चर्चा होत नाही, हा अन्याय तुला टोचत असेल तर टोचू दे. तो तुझ्या ड्युटीत मिटणारा नाही.

आता पैसा आणि वय. आपली किंमत काय हे तुला माहीत असावं म्हणून सांगते. खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१६ साली न्यायालयानं केंद्राला समिती नेमायला लावली. समितीनं सुचवलं: ५० खाटांच्या आतल्या हॉस्पिटलातही २० हजारांच्या खाली पगार नको, आणि २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार द्यावा. तुझं हॉस्पिटल दुसऱ्या प्रकारात मोडतं. महाराष्ट्र सरकारच्या अधिपरिचारिकेचं, म्हणजे तुझ्याच पदाचं, मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. पण या शिफारशी आहेत, कायदा नाही. एचआरपुढे आपटायला त्या उपयोगाच्या नाहीत. स्वतःला स्वस्तात विकायचं नाही, एवढ्यापुरत्या लक्षात ठेव.

आणि म्हणूनच मी खराडीला ‘आत्ता’ नको म्हटलं. एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा, नॉरसेट, तिला वयाची अट ३० आहे. आरक्षित प्रवर्गांना सवलत असते, तुझं काय ते बघ. तू २९ चा. खुल्या गटातला असलास तर एखाद-दुसरीच संधी हातात आहे. नागपूरचं एम्सही त्याच परीक्षेतून भरतात. मूळ वेतन ४४,९०० आणि वर भत्ते. पुरुषांसाठी रस्ता तिथंही अरुंद आहे. ८० टक्के जागा बायकांना, २० टक्के पुरुषांना असं एम्सनं २०१९ साली ठरवलं, त्यावरून मुलं कोर्टापर्यंतही गेली. तेव्हा जाहिरात आली की जागांचा तक्ता आधी वाच आणि मगच आशा किती ठेवायची ते ठरव. रेल्वेतली नर्सिंग सुपरिंटेंडंटची जागाही त्याच वेतनश्रेणीची आहे आणि वयोमर्यादा बरीच सैल. राज्याच्या भरतीला खुल्या गटाला ३८ पर्यंत वेळ असतो. सहा वर्षं आयसीयू केलेल्या पोराला या परीक्षांतला क्लिनिकल भाग नव्यानं शिकावा लागत नाही. राहतं ते कम्युनिटी, सायकियाट्री, पेडियाट्रिक्स, जे तू तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर उघडूनही पाहिलं नसशील. नाइटनंतरच्या झोपेतून अभ्यासाला वेळ निघणार नाही. इन्चार्जकडे चार महिने सलग मॉर्निंग माग. ती एवढं देईल, कारण तुझ्यासारखा अनुभवी ब्रदर तिला गमवायचा नसतो.

सरकारी नोकरी म्हणजे स्वर्ग, असं समजू नकोस. एका रात्रीला अख्खा वॉर्ड एका नर्सवर असतो, खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या घातलेल्या असतात, आणि सलाइनचा स्टँड कमी पडला म्हणून बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली असते. पण तिथं ब्रदर असणं ही काही विशेष बाब नसते, आणि पन्नाशीत तुला पगारासाठी एचआरच्या दारात बसावं लागत नाही.

आयसीयूचाच कंटाळा असेल तर तो वेगळा, आणि त्यावर उपाय शहरातच आहेत. डायलिसिस युनिट, कॅथलॅब, ओटी, इन्फेक्शन कंट्रोल. डायलिसिसला तोच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो, वर्षानुवर्षं येतो, आणि दुसऱ्या महिन्यापासून ‘आमच्या ब्रदरलाच सुई टोचू द्या’ म्हणून अडून बसतो. त्यात बायकाही असतात. व्हेंटिलेटर, मॉनिटर विकणाऱ्या कंपन्यांना हॉस्पिटलात जाऊन स्टाफला यंत्र शिकवायला नर्स लागतात. फिरती खूप, पण खराडीच्या टेबलापेक्षा तुझ्या हाताचा उपयोग जास्त.

परदेशाबद्दल तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या वयाच्या प्रत्येक नर्सच्या फोनवर एजंटचा मेसेज असतोच. जर्मनीला जायचं मनात असेल तर आधी भाषा. तिथं नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टू पातळी लागते, आणि नोकरी सांभाळून ती गाठायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. बोट क्लब रोडवर जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, तिथं नुसतं जाऊन ए-वनच्या, म्हणजे पहिल्या पातळीच्या, वर्गाची चौकशी कर. ‘भाषेचं आम्ही बघतो, तुम्ही तीन लाख भरा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा. परदेशी नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो आणि उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. आखातात असो की युरोपात, अलीकडचा बेडसाइडचा अनुभव विचारतात. खराडीला दोन वर्षं काढलीस की हा रस्ताही अवघड झाला.

राहिलं लग्न. यावर मी फार शाई घालवणार नाही. बायोडेटात ‘मेडिकल फील्ड’ असं मोघम लिहिण्याचा सल्ला तुला कुणीतरी दिलाच असेल. मावशी किंवा आत्या, दोघींपैकी एक. ऐकू नकोस. ‘बी.एस्सी. नर्सिंग, आयसीयू स्टाफ नर्स, पुणे’ एवढं स्वच्छ लिही आणि पगार लिही. जी दोन स्थळं परत गेली, ती तुझ्या पहिल्या नाइट ड्युटीला नाही तर पहिल्या दिवाळीला परत गेली असती, कारण दिवाळीत तुला सुट्टी नसणार. खराडीला गेलास म्हणून त्याच लोकांनी होकार दिला, तर उद्या तुला पुन्हा वॉर्डात जावंसं वाटलं की काय करशील?

वडिलांशी मात्र बोल. ‘ऑफिसर’ म्हणताना ते खोटं बोलत नाहीयेत, केंद्राच्या हॉस्पिटलांत स्टाफ नर्सचं पदनाम नर्सिंग ऑफिसर असंच आहे. ते लपवतायत ते तू करतोस ते काम. तुमच्या भागातली पोरं फौजेत जातात ना? फौजेत नर्सिंग असिस्टंट म्हणून जवान भरती होतात, जखमा धुतात, बेडपॅन देतात, आणि गावी आले की त्यांचा सत्कार होतो. आणि इथं सोलापूर रस्त्यावर एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, नर्सिंगला फक्त मुलीच घेतात, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कमिशनही बायकांनाच. त्याच फौजेत तेच काम वर्दीतल्या पुरुषानं केलं तर सेवा आणि अधिकारी व्हायचं म्हटलं तर बायकांचं. असं सगळीकडेच होतं म्हण ना. ब्रिटनमधल्या नर्सांच्या सर्वात मोठ्या संस्थेनं, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं, पुरुषांना सभासद करून घेतलं तेच मुळी १९६० साली. वडिलांना हा इतिहास सांगून उपयोग नाही. त्यांना एकदा पुण्यात आण, व्हिजिटिंग अवर्सला युनिटच्या दाराशी उभं कर, आणि ज्यांनी चहा मागितला त्या आजोबांच्या मुलाशी दोन मिनिटं बोलू दे. फॅमिलीची परवानगी घेऊनच, अर्थात.

तर या पंधरा दिवसांत एवढं कर. खराडीच्या एचआरला फोन करून हातात किती येणार ते लेखी माग. आकडा माझ्या हिशेबापेक्षा फारच वेगळा, म्हणजे हातात ३५ हजार वगैरे निघाला, तर मला पुन्हा लिही, मग वेगळा विचार करू. नाही तर ‘सध्या घरच्या जबाबदारीमुळे जमत नाही, सहा महिन्यांनी संपर्क करू का?’ असा सभ्य नकार दे. ‘घरगुती अडचण’ एकदा तुझ्याही उपयोगी पडू दे. वही आजपासून सुरू कर. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं तुझं रजिस्ट्रेशन कधी संपतंय ते पाहून ठेव. पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि सहा वर्षं झाली म्हणतोस, तर ते आधीच राहून गेलेलं नाही ना, याची खात्री कर. ते चालू नसेल तर वर सांगितलेलं एकही दार उघडत नाही.

आणि हॉस्पिटल सोडायचं ठरलंच तर भांडून जाऊ नकोस. नोटीसचा महिना पूर्ण भर, अनुभवाच्या दाखल्यावर ‘आयसीयू’ हा शब्द आणि तारखा आहेत का ते तिथंच उभं राहून वाच. मूळ सर्टिफिकेटं जमा करून घेतली असतील तर ती आत्ताच, राजीनाम्याचं नावही न काढता, ‘बँकेला दाखवायचीत’ म्हणून परत आणून ठेव.